'वळला' या क्रियापदाविषयी

गायकांच्या चरित्रलेखनात एक वाक्य जणू ठरलेलेच असते: लौकिक गाणी गाऊन थकलेला कलावंत अखेरीस देवाकडे वळला. अमेरिकेतील कंट्री संगीताचा विख्यात गायक जॉनी कॅश (१९३२-२००३) याच्याविषयीही असेच लिहिले जाते. त्याने गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीते, ध्वनिमुद्रित केली हे खरे. पण 'वळला' हे क्रियापद आम्हांला मान्य नाही.

घटनाक्रमच पाहावा. आर्कान्सा राज्यातील एका कापूस पिकवणाऱ्या कुटुंबात, आईच्या तोंडची भक्तिगीते ऐकत तो वाढला. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्समध्ये सॅम फिलिप्सकडे तो गेला, तो गॉस्पेल गाण्याची इच्छा घेऊनच. ही गाणी खपणार नाहीत, असे फिलिप्सचे म्हणणे पडले. मग कॅशने खपणारी गाणी दिली आणि त्याचे नाव झाले. १९५८ मध्ये तो कोलंबिया कंपनीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी 'हिम्स बाय जॉनी कॅश' ही भक्तिगीतांची तबकडी निघाली. ज्याला आपण वळण म्हणतो, ती वस्तुतः लांबणीवर पडलेली सुरुवात होती.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. त्याच्या भक्तिगीतांत उपदेश कधीकधी कवितेवर मात करतो. श्रोत्यांच्या स्मरणात राहिली ती गुन्हेगारांची आणि कैद्यांची गाणी. हे आम्ही नाकारत नाही. परंतु १९६८ च्या फोल्सम तुरुंगातील मैफलीची तबकडी ऐकावी. तिची सुरुवात एका खुन्याच्या मनोगताने होते आणि शेवट, ग्लेन शर्ली या तिथल्याच कैद्याने रचलेल्या, तुरुंगातील प्रार्थनामंदिरावरच्या गीताने. दोन्हींकडे आवाज तोच आहे आणि श्रोतेही तेच. यांतले लौकिक कोणते आणि पारमार्थिक कोणते, याची वाटणी दुकानातल्या फळीवर होते. गाण्यात ती सापडत नाही. मृत्यूनंतर, २००४ मध्ये स्वतंत्रपणे निघालेल्या 'माय मदर्स हिम बुक'मध्ये केवळ एक गिटार, थकलेला आवाज आणि आईच्या पुस्तकातली गीते आहेत.

हा मुद्दा आपल्या अध्यापनालाही लागू पडतो. अनंत फंदी लावणी सोडून कीर्तनाकडे वळले, ही आख्यायिका सांगून आपण वर्गात पूर्वार्ध-उत्तरार्धाची रेघ ओढतो आणि विद्यार्थी ती उत्तरपत्रिकेत उतरवतात. ती रेघ कवीची आहे, आश्रयदात्याची आहे, बाजाराची आहे की केवळ आपल्या सोयीची, एवढे विचारण्याची सवय तरी आपण त्यांना लावावी.