घरांतील खेळ : सर्व जगांस पुरणारी एक नियमावली

एका वाचकभगिनींनीं पत्रानें अशी विचारणा केली आहे कीं, त्यांचे चिरंजीव दर शनिवारीं चार मित्रांसह दिवाणखान्यांत चार-चार तास बसतात. पुढ्यांत पट नाहीं, सोंगट्या नाहींत. केवळ कागद, शिसपेन्सिली आणि तीन फांसे. मधूनच एकजण दुसऱ्याच कोणाच्या तरी आवाजांत बोलूं लागतो. शिवाय चिरंजीवांनीं दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकें विकत आणलीं असून अभ्यासाहूनहि अधिक आस्थेनें त्यांचें पारायण चाललें आहे. "ह्यास खेळ म्हणावें कीं नाटक, आणि फांसे आले म्हणजे जुगार तर आला नाहीं ना?" असा त्यांचा प्रश्न आहे. जुगाराची शंका प्रथम दूर करतों. ह्या खेळांत पण लावीत नाहींत. इतकेंच नव्हे, तर ह्यांत कोणी कोणास जिंकीतहि नाहीं. पहिला प्रश्न मात्र सविस्तर उत्तरास पात्र आहे.

भातुकली किंवा चोर-शिपाई खेळणारीं मुलें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. त्या खेळाचा शेवट बहुधा एकाच तंट्यांत होतो. एक म्हणतो, "मी तुला पकडलें", दुसरा म्हणतो, "मी केव्हांच निसटलों." दोघेहि आपल्या परीनें खरे, कारण निवाडा करण्यास तिसरें कांहींच नसतें. भूमिका-खेळ म्हणजे हीच भातुकली, पण निवाड्याची सोय असलेली. एकजण सूत्रधार होतो. जग, प्रसंग आणि परकीं माणसें तो उभीं करतो. बाकीचे प्रत्येकीं एक पात्र घेतात आणि त्या प्रसंगीं आपलें पात्र काय करील तें सांगतात. घडणार कीं न घडणार हें जेथें अनिश्चित असेल तेथें फांसे टाकावयाचे. ह्या खेळाचें पहिलें छापील पुस्तक, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघां अमेरिकनांनीं इ. स. १९७४ मध्यें प्रसिद्ध केलें. त्याचें मूळ पटावरील युद्धखेळांत, आणि त्या युद्धखेळांचें मूळ प्रशियाच्या लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठीं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं रचलेल्या खेळांत आहे.

तथापि ह्या पहिल्या ग्रंथाचे नियम एका विशिष्ट जगाला जखडलेले होते. तलवारी, भुयारें, राक्षस, जादूगार ह्यांपलीकडे त्यांचें चालत नसे. मंडळींना उद्यां चंद्रावर जावयाचें असेल किंवा एखाद्या खुनाचा तपास करावयाचा असेल, तर नवें पुस्तक आणून नियमांची नवी घोकंपट्टी करावी लागे. एकच नियमसंच अनेक जगांस लावण्याचा प्रयत्न केऑसियम संस्थेनें १९८० सालीं एका छोट्या पुस्तिकेनें केला. ह्या कल्पनेस सर्वांत विस्तृत आणि काटेकोर रूप मात्र दिलें तें टेक्ससमधील ऑस्टिन येथील स्टीव्ह जॅक्सन ह्यांनीं. (ह्याच नांवाचे, ह्याच व्यवसायांतले एक इंग्रज गृहस्थहि आहेत, ते निराळे.) त्यांची 'गर्प्स' नामक नियमावली १९८६ मध्यें बाहेर पडली. सामान्य, सार्वत्रिक भूमिका-खेळपद्धति अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचीं हीं आद्याक्षरें होत. पुस्तक तयार होत असतांना त्यास नांवच सुचेना, म्हणून 'थोर अनामिक' अशा अर्थानें हीं अक्षरें तात्पुरतीं योजिलीं होतीं, आणि पुढें तींच कायम राहिलीं. आमच्या भगिनींच्या घरीं आलेलीं दोन पुस्तकें म्हणजे बहुधा ह्याच नियमावलीची २००४ सालची चौथी आवृत्ति असावी. ती दोन खंडांत आहे.

आतां त्या तीन फांशांचें रहस्य पाहूं. प्रत्येक पात्राच्या कौशल्यास एक अंक असतो. तीन फांशांची बेरीज त्या अंकाइतकी किंवा त्याहून कमी आली तर काम साधलें. तीन फांसे दोनशें सोळा प्रकारें पडूं शकतात, परंतु सर्व बेरजा सारख्या संभवत नाहींत. तीन ही बेरीज एकाच प्रकारें येते, तर दहा सत्तावीस प्रकारें. ह्यामुळें अंक दहा असतां यशाची शक्यता शेंकडा ५०, अकरा असतां ६२.५, बारा असतां ७४. पण पंधरावरून सोळावर गेलें तरी ९५ वरून अवघी ९८ होते. म्हणजे साधारण माणसास थोड्या शिक्षणानें पुष्कळ लाभ, आणि निष्णातास पुष्कळ श्रमानें थोडा. संगीत किंवा संस्कृत शिकलेल्या कोणासहि हें अनुभवानें पटेल. वीस पैलूंच्या एकाच फांशावर खेळणाऱ्या पद्धतींत प्रत्येक अंक सारखाच शेंकडा पांच, म्हणून तेथें हें तारतम्य दिसत नाहीं. नलराजास ऋतुपर्णानें जी अक्षविद्या दिली तीहि अखेर गणनेचीच विद्या होती. झाडाचीं पानें न मोजतां सांगणाऱ्याकडूनच ती मिळाली.

पात्र घडविण्याची रीत तर याहून मनोरंजक आहे. प्रत्येक खेळणारास ठराविक गुणांची पुंजी मिळते. शूर साहसी पात्रासाठीं ती शंभर ते दोनशें, सामान्य गृहस्थासाठीं पंचवीस ते पन्नास. बल, चपळाई, बुद्धि आणि प्रकृति ह्या चारहि बाबतींत साधारण मनुष्याचा अंक दहा. चपळाई किंवा बुद्धि एकानें वाढवावयाची तर वीस गुण वेंचावे लागतात, बल किंवा प्रकृति वाढवावयाची तर दहा. समजा, मंडळींनीं १७६० सालची उत्तर हिंदुस्थानांतील मोहीम खेळावयाचें ठरविलें आणि एकानें भाऊसाहेबांच्या छावणींतून दक्षिणेकडे पत्रें नेणारा सांडणीस्वार घेतला. चपळाई अकरा, वीस गुण. प्रकृति बारा, आणखी वीस. सांडणी हांकण्याचें कौशल्य बारापर्यंत नेण्यास चार. मोकळ्या रस्त्यावर सांडणी बिथरली तर तो तिला चारांपैकीं तीन वेळां आवरील. पण अंधारी रात्र, मागें शत्रूचे स्वार, म्हणून सूत्रधारानें चार अंक कमी केले, कीं बाराचे आठ होतात आणि यशाची शक्यता एक-चतुर्थांशावर येते. पत्र पोहोंचलें नाहीं तर पुढचा सारा डाव बदलतो. टेबलाभोंवतीं बसलेलीं पांच माणसें त्या क्षणीं श्वास रोखून तीन फांशांकडे पाहतात तीं कां, हें ज्यानें पाहिलें त्यास समजावून सांगावें लागत नाहीं.

उणिवा स्वीकारल्यास उलट गुण परत मिळतात. मंददृष्टि असलेल्या पात्रास पंचवीस गुण परत. पण ज्या काळांत चष्मा सुलभ आहे व पात्र तो वापरतें, तेथें दहाच. नियम तोच राहतो, जग बदललें म्हणजे त्याची किंमत बदलते. सर्व जगांस पुरणारी नियमावली म्हणतात ती ह्या अर्थानें. ग्रंथानें पाषाणयुगापासून दूरच्या भविष्यापर्यंत जगाच्या यांत्रिक प्रगतीच्या शून्य ते बारा अशा पायऱ्याहि आंखून दिल्या आहेत. ह्या उणिवांच्या यादींत सत्यवचन आणि औदार्य हीं पाहून आमच्या वाचकांस धक्का बसेल. सत्यवचनास पांच गुण परत मिळतात, दानशीलतेस पंधरा! परंतु हा सद्गुणांचा उपहास नव्हे. ज्यास खोटें बोलवत नाहीं त्याच्या पुढचे कांहीं मार्ग बंद होतात, आणि बंद झालेल्या मार्गांची भरपाई म्हणून हे गुण. हरिश्चंद्राची कथा ज्या घरांत सांगतात तेथें हा हिशेब समजण्यास अडचण पडूं नये. दारिद्र्यहि त्याच यादींत आहे, व तेंहि गुण मिळवून देतें. हें मात्र आम्हांस थोडें खटकतें. संध्याकाळच्या करमणुकीसाठीं घेतलेलें दारिद्र्य फार स्वस्त पडतें.

पद्धतींत दोष नाहीं असें नाहीं. नियम पुष्कळ, उपनियम त्याहून अधिक, आणि सूत्रधार हिशेबी वृत्तीचा असला तर कथा बाजूला राहून बेरीज-वजाबाकीच चालते. ज्यांस हा भार नको त्यांच्यासाठीं स्टेफन ओसलिव्हन ह्यांनीं १९९२ मध्यें 'फज' नांवाची पद्धति रचली; तींत अंकांऐवजीं सामान्य, चांगला, उत्तम अशा शब्दांनींच कौशल्य सांगतात. तिच्यावरून २००३ सालीं 'फेट' निघाली. तींत पात्राविषयींचें एखादें वाक्यच नियमाचें काम करतें. कल्पक मंडळींस ती आवडते. आमच्या मतें मात्र नवशिक्यास अंकांचा आधार बरा, कारण शब्दाचा अर्थ लावतांना पुन्हां "तूं निसटलास कीं नाहीं" हा तंटा उद्भवतो.

अशा खेळांनीं मुलें बिघडतात काय, ही भीति केवळ आमच्याकडचीच नाहीं. अमेरिकेंत १९८० नंतरच्या दशकांत कांहीं पालकांनीं व धर्मोपदेशकांनीं ह्या खेळांवर मोठी ओरड केली होती. १ मार्च १९९० रोजीं तर तेथील संघसरकारच्या 'सीक्रेट सर्व्हिस'ने जॅक्सन ह्यांच्या कचेरीवर छापा घातला व यंत्रगणकांसह गर्प्सच्या एका नव्या पुस्तकाचें हस्तलिखित उचलून नेलें. संगणकांत चोरवाटेनें शिरणाऱ्यांच्या भविष्यकालीन जगाविषयींचा तो काल्पनिक खेळ. पण अधिकाऱ्यास तें गुन्ह्यांचें क्रमिक पुस्तक वाटलें. संस्थेस जवळजवळ अर्धे नोकर कमी करावे लागले. जॅक्सन ह्यांनीं सरकारवर फिर्याद केली, आणि १९९३ मध्यें न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल देऊन पन्नास हजार डॉलरांहून अधिक नुकसानभरपाई देवविली. तें पुस्तक मात्र पुन्हां लिहून त्यांनीं १९९० सालींच प्रसिद्ध केलें होतें.

तेव्हां आमच्या भगिनींस सुचवावयाचें तें इतकेंच. चार तासांचे तीन करावे असें वाटल्यास तसें अवश्य सांगावें. परीक्षा जवळ आली असेल तर तूर्त बंदहि ठेवावा. पण त्याआधीं एक शनिवार त्यांनीं स्वतः एक पात्र घेऊन बसावें. ह्याच नियमावलीचा बत्तीस पानांचा एक संक्षेप प्रकाशकांनीं विनामूल्य ठेवला आहे. दुपारच्या एका बैठकींत तो वाचून होतो. पात्र कोणतें घ्यावें ह्याची चिंता नको. घर, माणसें, औषध, स्वयंपाक, हिशेब ह्यांचें ज्यास ज्ञान आहे असें माणूस कोणत्याहि मोहिमेंत हवेंच असतें, आणि त्या प्रत्येक कौशल्यास पुस्तकांत जागा आहे. चिरंजीव गुण मोजूं लागले कीं बुद्धीचा अंक दहाच्या वर कितीपर्यंत न्यावा, ह्याविषयीं मात्र त्यांनीं घासाघीस करावी.