‘नंतर’ आणि ‘मुळे’

फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्नाटकात गोवर-रुबेला लसीकरण सुरू झालं, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरून लसीबद्दलच्या अफवाही घरोघर पोचल्या. जुलै २०१८ मध्ये बीदर जिल्ह्यातल्या मुरकीत मुलं पळवण्याच्या अफवेनं हैदराबादच्या एका निरपराध तरुणाचा जीवच घेतला.

मार्च २०२० मध्ये देशातला पहिला कोरोनाबळी गेला, तोही बीदरशेजारच्या कलबुर्गीचा.

अशा धास्तावलेल्या मुलखात ‘लस घेतल्यानंतर मृत्यू’ हा घाईनं चढवलेला मथळा घातक ठरतो. ‘नंतर’ म्हणजे ‘मुळे’ नव्हे. अशा मृत्यूचा तपास जिल्हा समिती करते; लसीशी त्याचा संबंध आहे का, हे राज्य आणि राष्ट्रीय पातळीवरच्या समित्या ठरवतात. त्यांचा निष्कर्ष येईपर्यंत बातमी शिळी होते, पण बीदरमधल्या औराद, कलबुर्गीतल्या आळंदच्या मराठी घरांत मथळा टिकतो आणि आशाताईंना दारातच प्रश्न झेलावे लागतात. बातम्यांच्या संकेतस्थळांनी तो निष्कर्षही तितक्याच ठळकपणे, कन्नडबरोबर मराठीतही द्यायला हवा.