आधी अंतर मोजा



मुलीच्या शाळेसाठी आम्ही सांगली सोडून पुण्याला आलो. शाळा नावाजलेली मिळाली, पण बसमध्ये रोज दोन तास जायचे. तिचा पहाटेचा भैरवचा रियाज सुटला, सूर्यास्ताआधीचं जेवणही. गुरुपौर्णिमेला गाताना तिचा षड्जच लागेना. घरी येऊन खूप रडली.

यंदा तिला चालत जाण्यासारख्या साध्या शाळेत घातलं. सासरची मंडळी नाराज आहेत. पण डिझेल जळून कार्बन डायऑक्साइड निघतो, पृथ्वी तापते; आणि आपण तर वायुकाय जीवांचीही दया मानतो.

बिऱ्हाड हलवताना शाळेचं नाव मागाहून विचारा, आधी अंतर मोजा. रियाज, वेळेवरचं जेवण आणि अहिंसा, तिन्ही त्यावरच टिकतात.