दर सहा महिन्यांनी एक अल्बम!

हॉस्टेलच्या खोलीत लॅपटॉप उघडून एकट्यानंच आख्खं गाणं तयार करायचं, यात आता कुणाला नवल वाटत नाही. तुमच्या ग्रुपमध्येही असा एखादा असेलच. पण लॅपटॉप नसताना हे कसं होत असेल?

१९७० मध्ये एमिट ऱ्होड्स नावाच्या वीस वर्षांच्या मुलानं ते करून दाखवलं. लॉस एंजेलिसजवळच्या हॉथॉर्नमध्ये, आई-वडिलांच्या घरामागच्या शेडमध्ये त्यानं स्टुडिओ थाटला. पियानो, गिटार, बास, ड्रम्स सगळं स्वतः वाजवलं आणि गायलाही स्वतःच. हाताशी चार ट्रॅकचं टेप मशीन. एक वाद्य टेप करायचं, मग ते ऐकत ऐकत त्यावर दुसरं वाजवायचं. चुकलं की पुन्हा वाजवा, 'अनडू' वगैरे भानगडच नव्हती!

'एमिट ऱ्होड्स' याच नावाची ही एलपी डनहिल कंपनीनं बाजारात आणली. बिलबोर्डच्या यादीत ती २९व्या क्रमांकापर्यंत गेली. गोड चाली, नीट बांधलेली गाणी. त्याची तुलना थेट पॉल मॅकार्टनीशी होऊ लागली. मग हे नाव आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं का नाही?

याचं उत्तर त्याच्या करारात आहे. तीन वर्षांत सहा अल्बम, म्हणजे दर सहा महिन्यांनी एक, असं त्यानं लिहून दिलं होतं. 'त्यात काय, बीटल्सही सुरुवातीला वर्षाला दोन अल्बम काढायचेच की,' असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण ते चौघं होते आणि जॉर्ज मार्टिनसारखा निर्माता, स्टुडिओ, तंत्रज्ञ असा सगळा फौजफाटा मागे होता. इथे ड्रमरही तोच आणि बटणं दाबणाराही तोच. दुसरा अल्बम १९७१ मध्ये आला, तिसऱ्याला १९७३ उजाडलं. उशीर झाला म्हणून कंपनीनं त्याच्यावर अडीच लाख डॉलरचा दावा ठोकला. पुढे नव्या गाण्यांचा अल्बम आला तो थेट २०१६ मध्ये. मधली ४३ वर्षं गेली!

जुलै २०२० मध्ये ऱ्होड्स गेला. योगायोग बघा, त्याच महिन्यात स्पॉटिफायचे तेव्हाचे प्रमुख डॅनियल एक एका मुलाखतीत म्हणाले की, तीन-चार वर्षांतून एकदा गाणी काढून आता भागणार नाही, कलाकारांनी श्रोत्यांशी सतत जोडलेलं राहायला हवं. त्यावर बऱ्याच संगीतकारांनी संताप व्यक्त केला. २०२४ पासून तर वर्षभरात हजार वेळाही न वाजलेल्या गाण्याचे पैसे स्पॉटिफाय देत नाही.

म्हणजे घड्याळ तेच आहे, फक्त ते आता करारातून निघून अ‍ॅपमध्ये बसलंय. उशीर केला म्हणून कुणी कोर्टात खेचत नाही, पण रीच पडतो. मग पुढचं गाणं सुचलंय म्हणून करायचं, की तारीख आली म्हणून? एकट्यानं काम करणाऱ्याला हा प्रश्न जास्त छळतो, कारण त्याचा भार वाटून घ्यायला दुसरं कुणीच नसतं.

गंमत म्हणजे तबकड्यांना पुन्हा चांगले दिवस आलेत. २०२२ मध्ये अमेरिकेत सीडीपेक्षा जास्त एलपी विकल्या गेल्या. १९८७ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. ऱ्होड्सची ती एलपीही लोक शोधून ऐकतात. सावकाश केलेलं काम टिकलं. घाई करायला लावणाऱ्या करारात ते करणारा माणूस मात्र दमला.

तुमच्यापैकी कुणाला उद्या एखाद्या लेबलचा मेल आला, तर आनंदाच्या भरात लगेच सही करू नका. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला आपला रॉयल्टीचा वाटा कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही. एवढं संरक्षण कायदा देतो. पण किती महिन्यांत किती गाणी द्यायची आणि उशीर झाला तर काय, हे करारातच लिहिलेलं असतं. ते पान आधी वाचा. आणि वाचताना मागे ऱ्होड्सची ती एलपी लावून ठेवा.