‘प्रश्न उद्भवत नाही’



विधानसभेत विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची छापील यादी आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिली असेल. तिची भाषा ठराविक असते. आरंभी एक वाक्य : ‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’. त्याखाली क्रमाने प्रश्न. अमुक गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी नाही, हे खरे आहे काय. असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय. चौकशीत काय आढळले व त्यानुसार कोणती कार्यवाही केली. नसल्यास विलंबाची कारणे काय? त्यापुढे मंत्र्यांचे उत्तर. ‘हे खरे नाही’, अथवा ‘हे अंशतः खरे आहे’. पहिल्या प्रश्नाला ‘हे खरे नाही’ असे उत्तर आले की, खालच्या साऱ्या प्रश्नांपुढे तीनच शब्द छापले जातात : ‘प्रश्न उद्भवत नाही.’

या तीन शब्दांविषयी आज लिहावयाचे आहे. कारण ज्या वस्त्यांतून आपण आलो, त्यांच्या दुःखावर हे तीन शब्द जितक्या वेळा छापले गेले असतील, तितके क्वचितच दुसरे कोणते छापले गेले असतील.

प्रथम त्या भाषेचे मोल सांगितले पाहिजे. आपले वाडवडील सरकारकडे जात ते अर्ज घेऊन जात. अर्जाच्या माथ्यावर ‘मायबाप सरकार’ आणि शेवटी ‘कृपावंत होऊन’ असे शब्द असत. मायबापाकडे पोराने मागावे आणि मायबापाच्या मर्जीस आले तर त्यांनी द्यावे, असा तो व्यवहार होता. सभागृहातील प्रश्नाची भाषा अगदी वेगळी आहे. तेथे कोणी कृपा मागत नाही. तेथे खुलासा मागितला जातो. संविधानाच्या १६४ व्या अनुच्छेदाने मंत्रिमंडळाला विधानसभेपुढे सामुदायिकरीत्या जबाबदार धरले आहे आणि ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी एक मानले आहे. ज्याने देवापुढे नवस बोलणे सोडले, त्याने कचेरीपुढे नवस बोलणेही सोडले पाहिजे, असे आम्हांस वाटते. परंतु अनुभव असा की, पहिली सवय एका दिवसात सुटली, दुसरी अजून सुटलेली नाही.

प्रश्न विचारण्याचा हा अधिकार आयता मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातील सभासदांस अनेक अटी घालून प्रश्न विचारू दिले. उपप्रश्न मात्र विचारू दिला नाही. १९०९ साली ज्याचा मूळ प्रश्न असेल त्याला उपप्रश्नाची मुभा मिळाली आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ती सर्व सभासदांस मिळाली. उपप्रश्नाला एवढे महत्त्व का, हे ज्याने कचेरीत खेटे घातले आहेत त्याला सांगावे लागणार नाही. पहिले उत्तर कारकून लिहून देतो. दुसरे उत्तर मंत्र्याला उभ्याउभ्या द्यावे लागते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये व कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव आपणां सर्वांस ठाऊक आहे. महाडचा इतिहास त्यातूनच निघाला. त्या यादीत आणखी एक शब्द होता, ‘दवाखाने’. पाण्याची आठवण आपण ठेवली, ती ठेवावयासच हवी होती. दवाखान्याची मात्र ठेवली नाही. ११ सप्टेंबर १९२३ रोजी सरकारने खातेप्रमुखांना तसे आदेश दिले. ५ जानेवारी १९२४ रोजी महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला आणि पुढे तीन वर्षे त्या तळ्यावर एकही अस्पृश्य पाणी प्याला नाही. बोल्यांनी ५ ऑगस्ट १९२६ रोजी पुन्हा ठराव आणला : ज्या नगरपालिका व लोकलबोर्डे पहिला ठराव अंमलात आणणार नाहीत, त्यांचे अनुदान रोखावे. तरीही तळे मोकळे झाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह त्या तळ्यावर चालत गेले, तेव्हा ठरावाच्या कागदाला पाय फुटले. ठराव नसता तर त्या लोकांच्या हाती कायद्याचा आधार नसता. लोक नसते तर ठराव दप्तरात पिवळा पडला असता.

दवाखान्यांचे काय झाले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. शेजारच्या काठेवाडातील १९२९ सालची एक हकीकत मात्र बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत नोंदवून ठेवली आहे. एका अस्पृश्य शिक्षकाची पत्नी बाळंतपणानंतर आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. दोन रुपये फी ठरली, रदबदली झाली, तेव्हा तो आला. पण बाईला त्याने हात लावला नाही. तापमापक एका मुसलमानाच्या हाती दिला, त्याने तो नवऱ्याकडे दिला, नवऱ्याने बायकोला लावला आणि त्याच मार्गाने तो परत गेला. डॉक्टरने लांबून दिव्याच्या उजेडात पारा पाहिला व न्यूमोनिया असल्याचे सांगितले. पुढे ती बाई वारली.

आता असे समजू की, त्या काळी एखाद्या सभासदाने कौन्सिलात विचारले असते : डॉक्टरने स्पर्श नाकारल्यामुळे किती रुग्ण दगावले? उत्तर काय आले असते? ‘निरंक.’ आणि ते उत्तर एका अर्थाने खोटेही नसते. मृत्यूच्या वहीत कारण ‘न्यूमोनिया’ असे असते. ‘स्पर्श नाकारला’ असा रकाना त्या वहीत कधी आखलाच गेला नव्हता. ज्याचा रकाना नाही त्याची बेरीज नाही, आणि ज्याची बेरीज नाही तो प्रश्न उद्भवत नाही!

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. त्याने २०२१ सालची राज्यसभेची कागदपत्रे पाहावीत. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात सरकारला विचारण्यात आले की, हाताने मैला उचलण्याच्या कामात किती माणसे मृत्यू पावली? उत्तर आले, असा एकही मृत्यू नोंदलेला नाही. उत्तर देणारे राज्यमंत्री रामदास आठवले हे आपल्याच चळवळीतून वर गेलेले. त्यांच्या नावाने बोटे मोडण्यात आम्हांस रस नाही. उत्तर खात्यात तयार होते. तथापि ते वाचताना त्यांची जीभ अडखळली असती, तर आम्हांस बरे वाटले असते. पुढच्याच महिन्यात याच खात्याने राज्यसभेत सांगितले की, हाताने मैला उचलण्यामुळे मृत्यू नाही; मात्र गटारे व मैलाटाक्या साफ करताना ९४१ कामगार मेले आहेत.

एकीकडे शून्य, दुसरीकडे ९४१. हे दोन्ही आकडे एकाच सरकारचे आणि दोन्ही कायद्याच्या शब्दाला धरून. २०१३ च्या कायद्यात ‘हाताने मैला उचलणारा’ याची व्याख्या एका खंडात आहे आणि गटार व मैलाटाकीची ‘धोकादायक सफाई’ दुसऱ्या खंडात. माणूस तोच, जात बहुधा तीच, घाण तीच. पण टाकीत उतरून गुदमरलेला माणूस पहिल्या खंडात बसत नाही. ज्या सभासदाने पहिला शब्द वापरला त्याला शून्य मिळाले. दुसरा शब्द विचारात घ्यावा लागला, तेव्हा ९४१ प्रेते वर आली. आणि ही केवळ शब्दांची कसरत नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. ज्या मृत्यूची नोंदच झाली नाही, त्याच्या विधवेने कोणता कागद हाती घेऊन हे पैसे मागावेत?

त्याच जुलैमध्ये प्राणवायूविषयीचे उत्तरही असेच आले. प्राणवायूच्या अभावी झालेल्या मृत्यूंची राज्यांनी स्वतंत्र नोंद कळविलेली नाही, असे केंद्राने राज्यसभेस सांगितले. ज्यांनी त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये रिकामे सिलिंडर खांद्यावर घेऊन शहर पालथे घातले, त्यांनी हे उत्तर वाचले. येथेही खोटे शोधू जाल तर सापडणार नाही. रकाना नव्हता, एवढेच.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, आमदाराने प्रश्न विचारला की काम झाले, अशी समजूत आपण सोडून द्यावी. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, त्यात गाव, तारीख व पद यांचा उल्लेख होता काय, हे पाहावे. ‘जिल्ह्यातील आरोग्य सेवा कोलमडली आहे, हे खरे आहे काय’ असे विचारणाऱ्या सभासदाने मंत्र्यावर उपकारच केलेले असतात. ‘हे खरे नाही’ म्हणावयास मंत्र्याला अर्धा क्षण लागत नाही. उलट, सपाट प्रदेशात ३० हजार व डोंगराळ अथवा आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि अनुक्रमे ५ हजार व ३ हजारांमागे एक उपकेंद्र हा शासनाने स्वतःच मानलेला निकष आहे. आमच्या तालुक्याची लोकसंख्या किती, केंद्रे किती, मंजूर पदे किती, भरलेली किती, असे विचारले तर ‘हे खरे नाही’ म्हणता येत नाही. आकड्याला आकडाच द्यावा लागतो.

सभागृहातील गोंधळाविषयीही एक शब्द. आपला आमदार अध्यक्षांच्या आसनापुढे धावला, कागद भिरकावले, की वस्तीत त्याची वाहवा होते. प्रश्नोत्तराचा तास त्या गोंधळात बुडाला म्हणजे उत्तरे नुसती छापली जातात आणि उपप्रश्न मरतो. त्या तासातून सुटका झाल्याचा आनंद कोणाला होत असेल, हे वाचकांनीच ठरवावे. सप्टेंबर २०२० मध्ये तर, देशभर साथ पसरलेली असताना, संसदेत प्रश्नोत्तराचा तासच रद्द करण्यात आला. लेखी उत्तरे तेवढी मिळाली. घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले, या प्रश्नाला १४ सप्टेंबर रोजी असेच लेखी उत्तर आले, की अशी माहिती ठेवलेली नाही.

माहिती सरकारने ठेवली नसेल तर ती आपण ठेवली पाहिजे. बुद्धविहारात वर्गणीची वही असते, जयंतीच्या खर्चाची वही असते; त्यांच्या शेजारी एक तिसरी वही का असू नये? उपकेंद्राला कुलूप दिसले ती तारीख; सर्पदंशाची लस नाही म्हणून पुढे पाठविले ती तारीख; बाळंतिणीला वाहन किती वाजता बोलाविले आणि ते किती वाजता आले. लिहिणारा सातवी शिकलेला असला तरी चालेल. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांचे तिकीट लावून मंजूर व रिक्त पदांची यादी मागता येते आणि ती सामान्यतः ३० दिवसांत दिली पाहिजे. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणाही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे एक वाक्य या कायद्याच्या ८ व्या कलमात एका खंडाला जोडून होते. २०२३ च्या एका कायद्याने तो खंड बदलला. नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला आणि अनेक जाणकारांच्या मते ते वाक्यही त्याबरोबर गेले. आमदार आणि मतदार यांना एका ओळीत बसविणारे ते वाक्य होते. पदांची संख्या ही काही कोणाची खाजगी बाब नव्हे, म्हणून ती आजही मागता येते, ती मागावी.

वही भरली, यादी हाती आली, म्हणजे आमदाराकडे निवेदन नेऊ नये. तयार प्रश्नच लिहून न्यावा. राखीव मतदारसंघाचाच आमदार पाहिजे असेही नाही. मत सर्वांनी घेतलेले आहे. त्याने टाळाटाळ केली तर शेजारच्या मतदारसंघातील आमदाराकडे जावे, विधान परिषदेच्या सभासदाकडे जावे. मंत्र्याने सभागृहात आश्वासन दिले, तर ती तारीखही वहीत लिहावी. दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे आणि तिलाही पत्र लिहिता येते.

प्रश्नाचा मसुदा असा असावा :

‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय :— (१) ...... तालुक्यातील ...... उपकेंद्रात आरोग्य सेविकेची मंजूर पदे किती व त्यांपैकी ...... या तारखेस भरलेली किती. (२) रिक्त पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे. (३) ते कोणत्या तारखेपर्यंत भरण्यात येईल. (४) या काळात सदर उपकेंद्र किती दिवस बंद होते?’

यांतील एकाही कलमापुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिता येत नाही. रिकाम्या जागी आपल्या तालुक्याचे व उपकेंद्राचे नाव आणि तारीख तेवढी घालावी.