औषधी वनस्पतींचा साठा कोणत्या रूपात करावा?

धान्याचा साठा करणे शहाणपणाचे खरे. परंतु तोच नियम औषधी वनस्पतींस सरसकट लावणे हिताचे नाही. धान्यास गिऱ्हाईक बारमाही असते. औषधीची मागणी साथीबरोबर चढते व साथीबरोबर उतरते. २०२० साली कोरोनाच्या साथीत गुळवेलीस मोठी मागणी आली आणि साथ सरताच ती ओसरली. अशा वेळी तेजीच्या आशेने तोडून ठेवलेल्या मालास बुरशी लागते. पैसा जातो आणि वेलही जाते.

म्हणून साठा किती करावा याआधी तो कोणत्या रूपात करावा, हे ठरविले पाहिजे. शार्ङ्गधरसंहितेने हा विचार शतकांपूर्वी केला आहे. वनौषधीचे वीर्य वर्षानंतर उणे होते, चूर्णाचे दोनच महिन्यांत. आसवे मात्र जुनी तितकी गुणकारी, असे ती सांगते. तात्पर्य, माल अखंड ठेवावा व मागणी हाती आल्यावरच कुटावा.

गुळवेल वर्षभर तोडता येते. ज्या निंबावर ती चढली, तेच तिचे उत्तम कोठार. मागणीपुरतीच तोडावी व बुडाशी हातभर वेल राखावी, म्हणजे ती पुन्हा फुटते. हिरड्याचे तसे नाही. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत बाळहिरडा उन्हाळ्यात गोळा होतो. तो साठवावाच लागतो. तो कडक वाळवावा, पोत्यावर तारीख घालावी, पोती भिंतीपासून दूर फळ्यांवर रचावी आणि आधी आलेले पोते आधी काढावे.

परंतु मागणीच्या अनिश्चिततेचा सारा भार डोंगरातील माणसानेच का वाहावा? पुणे शहरात रसशाळा आहेत, काष्ठौषधींचे व्यापारी आहेत. त्यांनी पुढील सहा महिन्यांची गरज आगाऊ कळवावी आणि निदान निम्म्या मालाचा भाव आधी बांधून द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. यात त्यांचाही लाभ आहे. कारण उपटून संपविलेले रान पुढील साथीत माल देणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी गावातील वेली व झाडे मोजावीत, संकलकांचा गट बांधावा आणि ही यादी घेऊन पुण्यातील खरेदीदारांकडे जावे. आधी बोली, मग तोडणी, हा क्रम गावाने पाळावा.