अभ्यासही सावडीने व्हावा



ऊस विकास विभागाच्या माणसाने बेणेप्रक्रिया आणि खोडवा सोडून पोरांच्या अभ्यासावर का लिहावे, असे काहींच्या मनात येईल. पण शिवारात हिंडताना उसाबरोबर माणसंही दिसतात. त्यातलंच एक आज सांगतो.

राजगडाच्या पायथ्याला पाली गाव आहे. गडाचा पाली दरवाजा याच बाजूचा. मध्यंतरी तिकडे गेलो असता संध्याकाळी एका घरी चहाला थांबलो. ओट्यावर आठवीतली तीन मुलं दप्तरं पसरून बसली होती. एकाला शेकडेवारीचं गणित सुटत नव्हतं. शेजारची मुलगी म्हणाली, "अरे, साखर उतारा अकरा टक्के, म्हणजे शंभर किलो उसाला अकरा किलो साखर. मग टनाला किती?" पोरगं लगेच म्हणालं, "एकशे दहा किलो!" पुस्तकात जे अडलं होतं ते काट्याच्या पावतीनं सुटलं. थोड्या वेळाने तोच मुलगा तिला इंग्रजीचा धडा समजावून देऊ लागला. तिसऱ्याचा इतिहास पक्का. त्याचा नंबर त्यानंतर.

मला आपली सावड आठवली. भातलावणीला आज माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. एकाचे बैल, दुसऱ्याच्या घरची माणसं. तिथं कोणी कोणावर उपकार करत नाही, कारण प्रत्येकाकडे देण्यासारखं काहीतरी असतं. अभ्यासाचंही तसंच आहे. वर्गात 'ढ' म्हणून मागे बसवलेल्या पोराला एखादा विषय बरा येतोच. तो त्याला दुसऱ्याला शिकवू द्या. मग गणितात मदत मागायची त्याला लाज वाटणार नाही. म्हणून वेगवेगळ्या विषयांत हुशार असलेली मुलं एकत्र बसावीत, हे महत्त्वाचे.

ही काही नवी कल्पना नाही. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं लहानांकडून धूळपाटीवर अक्षरं गिरवून घेत. मद्रासला अँड्र्यू बेल नावाच्या इंग्रज अमदानीतल्या पाद्र्याने इथल्या मुलांना वाळूत अक्षरं काढताना पाहिलं आणि आपल्या अनाथाश्रमाच्या शाळेत मुलांनीच मुलांना शिकवायची पद्धत सुरू केली. 1797 साली त्याने लंडनला त्यावर पुस्तिका छापली. पुढे 'मद्रास पद्धत' म्हणून ती विलायतेतल्या शाळांत चालली. आपल्याच ओट्यावरची चीज परदेशात जाऊन आली, आणि आपण मात्र ती विसरलो. जवळचं उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचं. 1919 साली रयत शिक्षण संस्था काढून त्यांनी पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची शेतकऱ्यांची पोरं एकत्र ठेवली. एकत्र राहणं, एकत्र जेवणं, एकत्र शिकणं हाच त्यांचा पाया होता.

काही पालक म्हणतात, "साहेब, आमचं पोरगं दुसऱ्याला शिकवण्यात वेळ घालवील आणि स्वतः मागे पडेल." मला तसं वाटत नाही. मी कृषी पदविकेला असताना खोलीतल्या मित्राला खतांच्या मात्रेचं गणित समजत नसे. शंभर किलो युरियात नत्र 46 किलो, मग एवढ्या नत्राला युरिया किती, हे त्याला तीनदा सांगताना माझं मलाच कायमचं पक्कं झालं. किडींची इंग्रजी नावं मात्र त्यानेच माझ्याकडून घोकून घेतली.

दुसरी शंका खरी आहे. मदतीच्या नावाखाली वह्या उतरवून घेतल्या जातात. वही उतरवणं म्हणजे दुसऱ्याच्या रानातला ऊस आपल्या नावावर घालणं. परीक्षेच्या काट्यावर वजन भरतच नाही. म्हणून नियम एकच असावा : उत्तर द्यायचं नाही, रीत सांगायची. ज्याला सांगितली त्याने पुढचं उदाहरण एकट्याने सोडवून दाखवायचं.

यात आपलं, मोठ्या माणसांचं, काम थोडंच आहे. वाडीतल्या एका घराने ओटा आणि दिवा द्यावा. दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवावा. अंधार पडल्यावर मुलींना घरापर्यंत पोचवायला कोणी जाणतं माणूस असावं. नाहीतर मुलीच आधी गळतील, हे लक्षात ठेवा.

शेवटी एक विनंती. गळीत हंगामात बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांची शाळा चार-पाच महिने तुटते, आणि एकदा मागे पडलेलं पोर पुढे कोयताच हाती धरतं. आपला ऊस त्यांचे आईबाप तोडतात. त्यांच्या पोरांना आपल्या ओट्यावर बोलवा. तीही काही घेऊन येतील. रोज मोळ्या मोजणाऱ्या पोराचा तोंडी हिशेब आपल्या मुलांपेक्षा पुढे असू शकतो.

'विना सहकार नाही उद्धार' ही घोषणा आपण सभेत देतो. ती घरच्या ओट्यावर खरी करून दाखवायला ठराव लागत नाही, भागभांडवलही लागत नाही. येत्या सोमवारपासून सुरुवात करा. मी प्लॉट बघायला येईन तेव्हा ओटाही बघेन.